फोनोग्राफ चकचकीत करण्याआधी

वाचकाचं पत्र
मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहतो. जवळच एका जुन्या घरातलं सामान विकायला निघालंय. त्यात एक एडिसन स्टँडर्ड फोनोग्राफ आहे. ओकची पेटी, गोलसर झाकण, पुढच्या बाजूला फितीच्या चित्रात लिहिलेलं नाव, १४ इंची काळा कर्णा. सगळ्यावर काळपट थर बसलाय. चावी दिली की थोडा वेळ फिरतं आणि थांबतं. सोबत गाणी भरलेले वीसेक सिलिंडर, म्हणजे पोकळ नळकांडी, आहेत : बरेचसे काळे, तीन तपकिरी, चार निळे. ओळखीतला एक कारागीर ‘महिन्याभरात नव्यासारखं करून देतो’ म्हणतोय. पुण्याचे मामा म्हणतात, पॉलिश पेपर मारून चकचकीत कर आणि गणपतीला इकडे घेऊन ये. त्यांना स्वतःला चोर बाजारातून पितळी कर्ण्याचा एचएमव्ही ग्रामोफोन घ्यायचाय, म्हणजे जोडी होईल. मला जशीच्या तशी टिकलेली जुनी यंत्रं जमवायची आहेत. सुरुवात याच यंत्राने करू का? – मंदार

मंदार, नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दिसतंय तसंच ते यंत्र असेल तर जरूर घ्या. फक्त त्या कारागिराला आजच नम्रपणे नाही म्हणून टाका. आणि मामांचा पॉलिश पेपर पुण्यातच राहू द्या.

असं सांगण्यामागचं कारण सगळ्या संग्रहालाच लागू आहे, म्हणून ते आधी. फोनोग्राफची स्प्रिंग बदलता येते, गिअर नवा मिळतो, रिप्रोड्यूसरचं, म्हणजे सुई धरून आवाज काढणाऱ्या डबीचं, रबर बदललं की आवाज परत येतो. स्टँडर्ड हे एडिसनच्या कारखान्यातून १८९८ पासून फार मोठ्या संख्येने बाहेर पडलेलं यंत्र. त्यामुळे त्याचे सुटे भाग आजही सापडतात. परत आणता येत नाही ते फक्त वरचं अंग : लाकडावरचं मूळ पॉलिश, लोखंडी पाटावरच्या सोनेरी रेघा, नावाचं चित्र, निकेलचा मुलामा, तळाला डकवलेला कागद. शंभराहून जास्त वर्षं टिकलेलं हे अंग एका दुपारी खरवडून टाकता येतं आणि मग जगातला कुठलाही कारागीर ते पुन्हा मूळचं करू शकत नाही. म्हणून अशी यंत्रं जमवणारा माणूस आवाजापेक्षा पृष्ठभागासाठी जास्त पैसे मोजतो. बंद पडलेलं पण हात न लागलेलं यंत्र घ्यावं, गाणारं पण रंगवलेलं सोडावं.

आता सौद्याच्या दिवशी काय पाहायचं ते. एक चांगला टॉर्च, २० पट मोठं दाखवणारं भिंग आणि शक्य झालं तर छोटा अतिनील टॉर्च सोबत ठेवा.

पहिली गोष्ट यंत्र उचलण्याची. झाकणाला वर मूठ असते, ती धरून यंत्र उचलायचा मोह कोणालाही होतो. तसं अजिबात करू नका. झाकण पेटीला खटक्यांनी अडकलेलं असतं. हे खटके झिजलेले असतात आणि खाली आठ-नऊ किलोचं ओतीव लोखंड लोंबकळत असतं. असंख्य स्टँडर्ड याच एका प्रकारे जमिनीवर पडून फुटले. झाकण आधी काढून बाजूला ठेवा आणि पेटी दोन्ही हातांनी तळातून उचला. विकणाऱ्यालाही तसंच सांगा, कारण तुम्ही पोचण्याआधी दहाजण ते उचलून बघणार आहेत. झाकण सोबत आहे, ही मात्र आनंदाची गोष्ट. बऱ्याच यंत्रांची झाकणं हरवली आहेत आणि बिनझाकणाच्या यंत्राची किंमत बरीच उतरते. पेटी आणि झाकणाच्या ओकचे रेषे, रंग, खटक्यांच्या जागा एकमेकांशी जुळतात का, ते पाहा. दुसऱ्याच यंत्राचं झाकण बसवलं असेल तर पेटीवर जुन्या खटक्यांची बुजवलेली भोकं दिसतात.

मग टॉर्च पेटीच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. मूळ पॉलिशला बारीक तडे गेलेले असतात आणि तेच तडे नावाच्या चित्रातूनही सलग जातात, कारण चित्र आणि त्यावरचा थर एकत्रच म्हातारे झालेले असतात. नव्याने चिकटवलेलं चित्र लाकडावर वेगळं बसल्यासारखं दिसतं. आडव्या प्रकाशात त्याच्या पातळ पापुद्र्याची कड दिसते आणि सोनेरी रंग सगळीकडे एकसारखा उजळ असतो. पेटीच्या नक्षीच्या पट्ट्यांच्या कडा बोटाने चाचपा. मूळ कडा टोकदार लागतात, पॉलिश पेपर लागलेल्या कडा गुळगुळीत आणि बोथट. खाचांत मात्र काळपट मळ आणि जुनं पॉलिश साठलेलं असायला हवं. खाचाही स्वच्छ असतील तर कोणीतरी पॉलिश काढायचं रसायन वापरलंय. अतिनील टॉर्चखाली लाखेचं जुनं पॉलिश नारिंगी झाक देतं. एका बाजूला नारिंगी आणि दुसऱ्या बाजूला निळसर-पांढरं दिसलं, तर एक बाजू पुन्हा केलेली आहे.

तळ आणि आतली बाजू बघायला लाजू नका, खरी माहिती तिथेच असते. बहुतेक स्टँडर्डमध्ये यंत्राचा लोखंडी पाट, म्हणजे बेडप्लेट, वर उचलता येतो. आतलं लाकूड कोरं आणि वयाने तपकिरी झालेलं असावं. आत रंगाचे शिंतोडे दिसले तर बाहेर फवाऱ्याने रंग मारलाय. स्क्रूंच्या खाचा भिंगातून बघा. कारखान्याने बसवल्यावर ज्यांना कोणी हात लावला नाही त्यांच्या खाचा सरळ, धारदार असतात. चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने उघडलेल्या खाचांचे ओठ उचकटलेले असतात. तळाला किंवा आत जुन्या कागदी लेबलाचा अर्धा तुकडा जरी असला, विक्रेत्याच्या दुकानाची पट्टी असली, तरी ती संपत्ती समजा.

बेडप्लेटवरच्या निकेलच्या पट्टीवर यंत्राचा क्रमांक आणि पेटंटच्या तारखांची यादी असते. यादीतली शेवटची तारीख लिहून घ्या. यंत्र त्या तारखेआधीचं असू शकत नाही. फितीच्या चित्रावर नाव असलेल्या, गोलसर झाकणाच्या पेट्या १९०१ पासून आल्या. त्याआधीच्या पेट्या चौकोनी माथ्याच्या होत्या. १४ इंची काळा कर्णा, ज्याच्या तोंडाशी पितळेचा घेर असतो, तोही या काळाला साजेसा आहे. १९०७ च्या सुमाराला मोठे, फुलासारखे पैलूदार कर्णे आले आणि १९०९ मध्ये हंसाच्या मानेसारखा वळणारा सिग्नेट. तुमच्या यंत्रावर सिग्नेट बसवलेला असता तर मी प्रश्न विचारले असते. इथे कर्णा आणि पेटी एकमेकांशी बोलतायत. मात्र या छोट्या कर्ण्याच्या नकलाही बनतात. कर्ण्याच्या लांबीला जाणारा सांधा बघा, पितळी घेराची काठ वळवलेली आहे का ते बघा, आणि आतल्या बाजूचा काळा रंग बाहेरच्याइतकाच जुना दिसतोय का तेही बघा.

थोडं फिरतं आणि थांबतं, याची चिंता नको. उलट किंमत कमी करून घ्यायला ते उपयोगाचंच आहे. स्प्रिंगच्या डब्यात कारखान्याने भरलेलं ग्रॅफाइटचं ग्रीस वाळून डांबरासारखं होतं, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि सुटताना ‘धप्’ असा आवाज येतो. गव्हर्नर, म्हणजे मोटरचा वेग आवरणारा भाग, त्याच्या टोकांवरचं तेल गोंदासारखं घट्ट होतं. दोन्ही गोष्टी बऱ्या होतात. तिथे उभं राहून चावी मात्र आठ-दहा वेढ्यांपलीकडे देऊ नका. मँड्रेल, म्हणजे सिलिंडर बसवायचा निमुळता दंडगोल, हलक्या हाताने फिरवून तो डगमगत नाही ना पाहा. त्याच्या निकेलला चरे आहेत का पाहा. फीड स्क्रू हा बारीक आट्यांचा लांब दांडा, इंचाला १०० आटे असलेला. भिंगातून त्याचे आटे तपासा. आटे बसले असतील तर ते खरं दुखणं, आणि ते महाग आहे.

काय पाहिल्यावर माघार घ्यावी? बेडप्लेट नव्याने रंगवलेली असेल, नावाचं चित्र नवं असेल किंवा पेटी खरवडलेली असेल, तर हे यंत्र तुमच्या संग्रहासाठी नाही, ते कितीही स्वस्त मिळो. मोटरचा पट्टा तुटलेला, रिप्रोड्यूसर मुका, एखादा खटका गेलेला, यामुळे मागे फिरू नका. शक्य असेल तर सौद्याआधी वेस्ट ऑरेंजला जाऊन या. एडिसनची प्रयोगशाळा तिथे १८८७ मध्ये उभी राहिली. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, तुमच्यापासून तासाभराच्या आत. तिथली यंत्रं एकदा डोळ्यांत साठवली की मूळ काळा रंग आणि नवा काळा रंग यातला फरक फोटोंपेक्षा लवकर कळतो. मूळ काळा कधीच प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसत नाही.

आता घरी आणल्यावरचं. पहिल्या आठवड्यात फक्त फोटो काढा : सगळ्या बाजू, आत, तळ, क्रमांकाची पट्टी. त्यानंतर मऊ ब्रशने धूळ झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून ती धूळ ओढून घ्या. सुटलेला एखादा छोटा स्क्रू किंवा लेबलाचा कपटा जाळीवर अडकतो, पोटात जात नाही.

बेडप्लेटसाठी शिलाई मशीनचं पातळ तेल आणि कॉटन बड. याहून कडक काही वापरू नका. घरातले काच पुसायचे फवारे, अमोनिया, स्पिरिट, थिनर, गंज सोडवणारे फवारे, यातलं काहीही त्या काळ्या रंगाजवळ आणू नका, कारण सोनेरी रेघांवरचा संरक्षक थर यांनी विरघळतो. आधी मागच्या बाजूच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर करून बघा. बड घासायचा नाही, तेल लावून गोल फिरवत न्यायचा आणि प्रत्येक फेरीनंतर बघायचा. त्यावर पिवळसर-तपकिरी आलं तर तो मळ आहे, पुढे जा. सोनेरी चमक किंवा काळा रंग आला तर तिथेच थांबा, मग अर्धी रेघ मळकी राहिली तरी चालेल. एका बैठकीत तळहाताएवढी जागा पुरे. शेवटी कोरड्या मऊ कापडाने तेल टिपून घ्या.

लाकडासाठी मेकॅनिक हात धुवायला वापरतात ती पांढरी क्रीम चांगली, पण तिच्यात खरखरीत दाणे अजिबात नकोत. डबा घेताना हे नीट वाचून घ्या. मऊ कापडावर थोडी क्रीम घेऊन तळव्याएवढ्या भागावर मिनिटभर हलक्या हाताने फिरवायची आणि लगेच स्वच्छ कापडाने पुसून घ्यायची. नावाच्या चित्रावर ही क्रीमही नको. तिथे कोरड्या ब्रशच्या पुढे जाऊ नका. एक दिवस वाळू द्या. मग कार्नौबा किंवा मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या. सिलिकॉन असलेली फर्निचर पॉलिशं नकोत, कारण पुढे कधी काही दुरुस्त करायची वेळ आली तर त्यावर दुसरं काहीच धरत नाही. ओक जितका उजळ निघेल तितकाच निघू द्या. वयाची काळी झाक म्हणजे घाण नव्हे.

निकेलवर पितळ घासायची पेस्ट चालवू नका. मुलामा फार पातळ असतो, दोन-तीन वेळा घासला की खालची पिवळी धातू डोकावते. तेलाचा बड, कोरडं कापड, बस. कर्ण्याच्या पितळी घेरालाही तेच. पेस्ट लावलीत तर ती पितळ आणि काळ्या रंगाच्या सांध्यात पांढरी होऊन बसते आणि काळ्या रंगाची कड खाते. कर्ण्याला पडलेला पोचा तसाच ठेवा. ठोकून काढताना रंग नक्की उडतो.

यंत्राच्या पोटातली कामं वेगळी, तिथे जपून पण निःसंकोच हात घालावा. काही गोष्टी मुळातच झिजण्यासाठी आहेत : चामड्याचा पट्टा, रिप्रोड्यूसरमधली रबरी वेटोळी, गव्हर्नरला टेकणारा चामड्याचा किंवा नमद्याचा तुकडा, ग्रीस. ही बदलल्याने यंत्राचं मूळपण उणावत नाही, फक्त निघालेले तुकडे तारीख लिहून पाकिटात ठेवा आणि पाकीट यंत्रासोबत राहू द्या. पट्टा पातळ चामड्याचा हवा. त्याची टोकं तिरपी तासून एकावर एक चिकटवलेली असावीत, म्हणजे सांध्याला जाडी येत नाही. जाड सांधा पुलीवरून जाताना दर फेरीला गाण्यात हिसका देतो. पट्टा फार ताणूही नका, नाहीतर मँड्रेलच्या बेअरिंगवर उगाच भार येतो.

एक इशारा अगदी मनापासून. स्प्रिंगमध्ये ताण असताना गव्हर्नर कधीही काढू नका. त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. गिअर सुसाट सुटतात आणि दाते उडतात, बोट मध्ये असलं तर बोटही. कोणतंही काम करण्याआधी यंत्र आपोआप पूर्ण थांबेपर्यंत फिरू द्या आणि मगच पान्याला हात लावा. स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका. ते काम फोनोग्राफची मोटर उघडण्याची सवय असलेल्या माणसाकडे द्या आणि त्याला लिहून द्या, की फक्त स्प्रिंग धुऊन ग्रॅफाइट मिसळलेलं ग्रीस भरायचंय, बाहेरच्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. हे लिहून देणं फार महत्त्वाचं. प्रेमाने काम करणारे कारागीर ‘थोडंसं पॉलिश फुकट करून दिलं’ म्हणून सगळं घालवतात.

गव्हर्नरच्या दोन्ही टोकांना, मँड्रेलच्या बेअरिंगला आणि कॅरेज (रिप्रोड्यूसर वाहून नेणारा भाग) ज्यावर सरकतं त्या दांड्याला तेलाचा एकेक थेंब पुरे. फीड स्क्रूच्या आट्यांतला मळ लाकडी दातकोरणीने काढा. त्यावर बसणारी अर्धी नट म्हणजे बारीक दातांचा छोटा तुकडा. तो मळला की सुई जागेवरच फिरत राहते किंवा ओळी गाळते, आणि लोक उगाच रेकॉर्डला दोष देतात. नटवरचा दाब हलका हवा. जास्त दाबली तर फीड स्क्रूचे आटे खाते.

वेग मिनिटाला १६० फेरे. मँड्रेलच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि १५ सेकंदांत ४० फेरे मोजा. कमी-जास्त असेल तर वेगाचा स्क्रू अगदी थोडा फिरवा.

सिलिंडरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण नुकसान व्हायची सगळ्यात मोठी शक्यता तिथेच आहे. तुमचे काळे सिलिंडर बहुधा १९०२ नंतरचे साच्यात ओतलेले, दोन मिनिटांचे, मेणासारख्या कठीण साबणाचे असावेत. त्यांच्यासाठी ‘सी’ नमुन्याचा रिप्रोड्यूसर योग्य आणि या यंत्रावर तोच असण्याची शक्यता जास्त. अक्षर त्याच्यावरच कोरलेलं असतं. पण काळ्यांतले काही १९०८ नंतरचे, चार मिनिटांचे अँबेरॉल असू शकतात. ते दिसायला सारखेच, पण इंचाला २०० ओळी. काठावर कोरलेलं नाव वाचा. ‘सी’ची जाड नीलमण्याची सुई त्या बारीक ओळींवर टेकली की त्या नांगरून निघतात. चार निळे सिलिंडर १९१२ नंतरचे ब्लू अँबेरॉल, प्लास्टरच्या गाभ्यावर सेल्युलॉइड. तेही चार मिनिटांचेच. तुमचं यंत्र फक्त दोन मिनिटांचं असेल तर त्यावर ते वाजणार नाहीत, कॅरेज दुप्पट वेगाने पुढे जाईल. १९०८ पासून कारखानाच जुन्या यंत्रांना चार मिनिटांचा गिअर बसवून देत असे. तुमच्या यंत्रावर तो असेल तर त्याला छेडछाड समजू नका, ती त्याच्या काळातली रीतसर जोड आहे. चार मिनिटांसाठी ‘एच’ रिप्रोड्यूसर लागतो. हिऱ्याची सुई असलेला रिप्रोड्यूसर हाती आला, तर तो फक्त निळ्या सेल्युलॉइडसाठी, मेणावर कधीच नाही.

तीन तपकिरी सिलिंडर वाजवू नका. हे मऊ मेणाचे, बहुधा १९०२ पूर्वीचे आहेत, ‘सी’ रिप्रोड्यूसर त्यांच्यासाठी जड आहे, आणि त्यांच्यापैकी एखाद्यावर कारखान्याचं गाणं नसून कोणीतरी घरी भरलेला आवाज असू शकतो. तो जगात दुसरीकडे कुठेच नसणार. ते विजेच्या, हलक्या सुईच्या यंत्रावर एकदा डिजिटल करून घ्यायचे असतात. कारखान्याने विकलेली गाणी ऐकायची तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा ग्रंथालयाने हजारो सिलिंडर डिजिटल करून खुले ठेवले आहेत.

काळे वाजवण्याआधी रिप्रोड्यूसरची सुई २० पट भिंगाखाली बघा. तिची कड कपचीसारखी तुटली असेल तर वाजवल्यावर सिलिंडरवर राखाडी भुकटी दिसते. ती भुकटी म्हणजे तुमचं गाणं. आवाज पत्र्यासारखा कर्कश येत असेल तर रबर दगड झालंय, बदला. सिलिंडर पकडताना दोन बोटं आत घालून फाकवायची, बाहेरच्या अंगाला स्पर्श करायचा नाही. थंड खोलीतलं मेण गरम हाताने धरलं तर नुसत्या उष्णतेच्या फरकाने तडकतं, म्हणून वाजवण्याआधी तासभर खोलीत ठेवा. निळा सिलिंडर मँड्रेलवर पूर्ण बसत नसेल तर दाबू नका. त्याचा प्लास्टरचा गाभा ओल लागून फुगलेला असतो आणि जोर लावला की सेल्युलॉइड सरळ रेषेत फाटतं. गाभा आतून जाणत्या माणसाकडून थोडा तासून घ्यावा लागतो. आणि सौद्याहून परतताना सिलिंडर गाडीत ठेवून वाटेत जेवायला थांबू नका. उन्हात बंद गाडीत मेण वाकतं.

आता पुणं. गणपतीला नेऊ नका. भाद्रपदात हवेत ओल असते, घरात कापूर, उदबत्त्या, समया, आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला चावी फिरवून बघायची असते. न्यायचंच असेल तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. मेणाचे सिलिंडर मात्र तिकडे नकोतच. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी धरते, ती मेण खाते, आणि पुसल्यावर डाग गेला तरी त्या जागची ओळ गेलेली असते. जुने पुठ्ठ्याचे डबे आतल्या अस्तरात ओल धरून ठेवतात, त्यामुळे डब्यात ठेवलं म्हणजे सुरक्षित, असं नाही. तुमच्या इथेही तळघरात ठेवू नका. यंत्राला आणि सिलिंडरांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. न्यू जर्सीतल्या हिवाळ्यात हीटर चालू असताना ती फार खाली जाते आणि ओकचे सांधे उघडतात, तेव्हा त्या खोलीत ह्युमिडिफायर लावा.

नेताना स्प्रिंग पूर्ण सुटलेली हवी, पट्टा काढलेला, कॅरेज मऊ दोऱ्याने बांधलेलं. रिप्रोड्यूसर काढून डबीत, तुमच्या हातातल्या बॅगेत. झाकण, कर्णा आणि यंत्र वेगवेगळ्या खोक्यांत, आणि यंत्राचं खोकं दुसऱ्या खोक्यात, चहूबाजूंनी किमान पाच सेंटिमीटर दाट फोम. थर्माकोलचे सुटे दाणे नकोत; इतक्या वजनाखाली ते बाजूला सरकतात आणि यंत्र तळाला येऊन टेकतं. पोचल्यावर खोकं २४ तास उघडू नका, नाहीतर विमानात गार झालेल्या लोखंडावर लगेच दव धरेल.

आणखी एक बाब आधीच डोक्यात ठेवा. भारतात शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि देशाबाहेर नेताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कागदांचा प्रश्न येतो. यंत्र नंतर परत न्यू जर्सीला आणायचं असेल तर खरेदीची पावती आणि क्रमांकाच्या पट्टीचे फोटो सोबत असू द्या, आणि नेण्याआधी चौकशी करा. माझं मत विचाराल तर हे यंत्र तुमच्याकडेच राहू द्यावं.

मामांना मात्र आजच फोन करा. चोर बाजारात दिसणारे झळझळीत पितळी कर्ण्याचे, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची पट्टी लावलेले ग्रामोफोन बहुतेक सगळे नवे जुळवलेले असतात : नवी अष्टकोनी पेटी, पातळ पत्र्याचा पाकळ्यांचा कर्णा, आत एखाद्या मोडलेल्या पेटी-ग्रामोफोनची मोटर. कर्णा धरणारा कंस ओबडधोबड पितळेचा असतो, मूळ यंत्रांत तो नीट ओतलेल्या लोखंडाचा असायचा. टोनआर्मचा, म्हणजे सुईकडून कर्ण्याकडे जाणाऱ्या नळीचा, कोपरा जाड आणि बोथट असतो. पेटीच्या आत ताजं प्लायवूड दिसलं की पुढे बघायचं कारण नाही. तेवढ्याच पैशांत त्यांना एखाद्या जुन्या घरातला एचएमव्ही १०२ मिळेल. १९३१ पासून निघालेला, पेटीसारखा बंद होणारा हा ग्रामोफोन महाराष्ट्रात बऱ्याच घरांत होता आणि मूळ कापडाच्या आवरणासकट आजही निघतो. घेताना साउंडबॉक्सची, म्हणजे सुई धरणाऱ्या गोल डबीची, पाठ बघायला सांगा. त्या काळच्या बऱ्याच साउंडबॉक्सना जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असायचे, आणि त्यात शिशाची भेसळ असली की ती धातू आतूनच फुगते आणि तडकते. त्याला औषध नाही. केसाएवढी चीर दिसली तरी किंमत त्या हिशेबाने ठरवावी. तव्यांसाठी, म्हणजे जुन्या रेकॉर्डसाठी, आणि माहितीसाठी १९९० पासून मुंबईत असलेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स त्यांच्या जवळच आहे. पोलादी सुई दर बाजूला नवी लावायची, आणि व्हायनलचा एलपी त्यावर ठेवायचा नाही, हेही फोनवर सांगून टाका.

सौद्याला जाताना सकाळी दार उघडण्याआधी पोचा. यंत्र आणि सगळे सिलिंडर एकत्रच मागा. विकणारे पुष्कळदा सिलिंडर वेगळे काढून ठेवतात आणि त्यांच्या डब्यातच जास्तीचा रिप्रोड्यूसर किंवा मूळ चावी पडलेली असते. घरच्या माणसांना विचारा, हे कोणाचं होतं, कुठून घेतलं होतं, आणि ते सांगतील ते त्याच दिवशी लिहून यंत्राच्या पाकिटात ठेवा.